विरजण पडलं, घातलं कोणी?

कोजागिरीची रात्र. नागपुरातल्या मानेवाड्याच्या आमच्या घराची गच्ची. सतरंज्या अंथरलेल्या, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी आणि तिच्यावर सहा लिटर दूध आटत आलेलं. केशर पडलं होतं, चारोळी पडली होती, जायफळ किसून झालं होतं. पोरंसोरं अंताक्षरीत ‘ठ’वर अडकून एकमेकांशी भांडत होती. पहिला पेला भरणार तेवढ्यात मामाजी जिना चढून वर आले. (आमच्या विदर्भात सासऱ्यांना मामाजी म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी नात्यात गोंधळ करून घेऊ नये.) त्यांच्या हातात टिंक्चर आयोडीनची तपकिरी बाटली होती.

“थांबा जी जरा. पिऊन राह्यले सगळे, पण पाहून घेतलं का कोणी?”

मामाजींची उभी नोकरी एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त झाले, पण हाताची सवय निवृत्त झाली नाही. त्यांनी वाटीत चमचाभर दूध घेतलं, पाणी घालून गार होऊ दिलं, कारण दूध गरम असलं तर रंग येत नाही. मग वरून आयोडीनचे तीन थेंब. केशरी दूध आधी तपकिरी झालं, मग कडेकडेनं काळपट निळं. “स्टार्च,” मामाजी म्हणाले. “पीठ आहे याच्यात. दाट वाटावं म्हणून टाकते दूधवाला.” आणि ती वाटी त्यांनी आरतीचं ताट फिरवावं तशी सगळ्यांपुढून फिरवली.

दूध फेकलं कोणी नाही. सहा लिटर होतं. पण पिताना जो तो आधी पेल्यात डोकावत होता. ‘ठ’ची अडलेली अंताक्षरी पुन्हा सुरू झाली नाही. चंद्र डोक्यावर यायच्या आत सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. जिना उतरताना माझी पुतणी म्हणाली, “आबांनी मूडची पूर्ण वाट लावली.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे ना. विरजण पडलं म्हणायचं.”

पुतणीच्या वाक्यात आबा आहेत. सासूबाईंच्या वाक्यात कोणीच नाही. विरजण आपलं आपण, आभाळातून पडावं तसं पडलेलं आहे. दोघी बोलत होत्या एकाच घटनेबद्दल आणि एकाच माणसाबद्दल.

मी घरून सबटायटल्स लिहिण्याचं काम करते. त्या कोजागिरीनंतर चारच दिवसांनी एका मालिकेत ‘किलजॉय’ हा शब्द समोर आला. एक बहीण दुसरीला वैतागून म्हणते, तू ना, किलजॉय आहेस. सबटायटलमध्ये जागा असते मोजकी. ‘तू आनंदावर विरजण घालणारी आहेस’ लिहावं तर वाचून होईपर्यंत दुसरी बहीण दार आपटून गेलेली असते. एका शब्दात बसेल असं काही सापडेना. गंमत म्हणजे याच गोष्टीसाठी मराठीत वाक्प्रचारांची नुसती रास पडली आहे: रंगाचा बेरंग, रसभंग, दुधात मिठाचा खडा, माशी शिंकली, हिरमोड झाला, नाट लागला, बिब्बा घातला, खो घातला, खोडा घातला. मालाने कोठार भरलेलं, पण ज्याच्या नावानं बिल फाडायचं तो माणूसच नाही.

बाकीच्यांनी हा माणूस कधीच पकडला आहे. इंग्रजांकडे किलजॉय हा शब्द अठराव्या शतकापासून आहे. त्याशिवाय स्पॉइलस्पोर्ट आहे, अमेरिकेतून आलेला पार्टीपूपर आहे, आणि आग विझवायला टाकतात त्या ओल्या घोंगडीवरून आलेला वेट ब्लँकेट आहे. जर्मन लोक म्हणतात ‘श्पीलफेरडेर्बर’, म्हणजे खेळ नासवणारा. इटालियन ‘ग्वास्ताफेस्ते’ म्हणजे समारंभ बिघडवणारा. फ्रेंच ‘राबा-झ्वा’ आनंद खाली पाडतो, तर स्पॅनिश ‘आग्वाफिएस्तास’ समारंभात पाणी ओततो. यातल्या बहुतेक शब्दांची घडण एकच आहे: एक नाव, एक क्रिया, दोन्ही जोडली की माणूस तयार.

हे यंत्र मराठीकडे नाही असं कोणी म्हणू नये. खिसेकापू, पोटभरू, गळेपडू, घरबुडव्या, आगलाव्या, सगळे याच साच्यातून निघाले आहेत. मनात आणलं असतं तर ‘रंगबुडव्या’ कधीच तयार झाला असता. पुतणीनं तर जेवता जेवता ‘मूडमाऱ्या’ तयार करून दाखवला. म्हणजे शब्द करता येत नव्हता असं नाही, आपल्याला तो लागला नाही. का लागला नाही याचं उत्तर मला व्याकरणात सापडलं, आणि ते सासूबाईंच्या त्या एका वाक्यात बसलेलं होतं.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या असतात. फोडणं-फुटणं, तोडणं-तुटणं, पाडणं-पडणं, सांडणं तर दोन्हीकडून चालतं. ‘मी कप फोडला’ म्हटलं की हात कोणाचा ते कळतं. ‘कप फुटला’ म्हटलं की कप जणू स्वतःच कंटाळून फुटला. चार वर्षांचं पोरही कोणतं वाक्य कधी वापरायचं हे न शिकवता शिकतं. मजा बिघडल्याचे आपले रोजचे वाक्प्रचार बहुतेक या दुसऱ्या जातीचे आहेत. बेरंग झाला. विरजण पडलं. नाट लागला. हिरमोड झाला. आणि अगदीच कोणावर तरी ढकलायचं झालं तर माशीवर. तिला शिंकायला लावून आपण मोकळे.

कर्ता असलेले वाक्प्रचारही आहेत, ते सगळे ‘घालणे’ वाले: विरजण घातलं, खोडा घातला, खो घातला, बिब्बा घातला. पण ते कुठे वापरले जातात ते कान देऊन ऐका. स्वयंपाकघरात, फोनवर, गाडीत परतताना. म्हणजे माणूस समोर नसताना. तो समोर असला की ‘घातलं’चं लगेच ‘पडलं’ होतं. ज्या घरात एकाच छताखाली तीन पिढ्या राहतात आणि मजा बिघडवणारा बहुधा घरातला सगळ्यात मोठा माणूस असतो, तिथे ही सोय फार कामाची. सून ‘मामाजींनी घातलं’ म्हणणार कशी? उद्या सकाळी त्याच माणसाला चहा द्यायचा असतो.

तरी ‘विघ्नसंतोषी’ आहे ना, असं मला एका मैत्रिणीनं सुनावलं. आहे. एकच शब्द आहे, रोजच्या वापरातला आहे, पुढाऱ्यांच्या भाषणात तर ‘काही विघ्नसंतोषी मंडळी’ हमखास सापडतात. पण या शब्दात आरोप मोठा आहे. दुसऱ्याच्या कामात विघ्न आलं की ज्याला संतोष होतो तो विघ्नसंतोषी. मामाजींचा त्या रात्रीचा चेहरा मी पाहिला आहे. संतोषाचा त्यात लवलेश नव्हता, नातवंडं पीठ पिऊन राहिली आहेत याची काळजी होती. मजा बिघडवणारी दहातली आठ माणसं अशीच असतात. त्यांना विघ्नसंतोषी म्हणणं म्हणजे खिशाला धक्का लागला म्हणून दरोड्याचा गुन्हा नोंदवणं.

‘अरसिक’ हा शब्द दुसऱ्या टोकाचा. त्याला मजा कळतच नाही, तो बिघडवत नाही. फार तर तो समोर बसला की कवीचा धीर सुटतो. ‘अरसिकापुढे कविता वाचण्याचं मात्र माझ्या कपाळी लिहू नकोस, लिहू नकोस, लिहू नकोस’ असं ब्रह्मदेवाला तीनदा विनवणारा संस्कृत श्लोक प्रसिद्धच आहे. ‘खडूस’ हा स्वभाव झाला. ‘पनवती’ हा शब्द शनीच्या फेऱ्यातून आला, गुजरातीत शनीच्या त्या काळालाच पनोती म्हणतात. त्यात माणसानं काही करायचीही गरज नाही, त्याचं नुसतं असणंच अशुभ. हा शब्द गमतीनं वापरणाऱ्यांनी जरा आठवून पाहावं, आपल्याकडे हळदीकुंकवाच्या आणि लग्नाच्या मांडवातून कोणाला याच हिशेबानं बाजूला बसवत होते.

मग मला भर्तृहरी आठवला. नीतिशतकातला त्याचा एक श्लोक माणसांच्या चार जाती सांगतो. स्वतःचं सोडून दुसऱ्याचं भलं करतात ते सत्पुरुष. स्वतःचं सांभाळून दुसऱ्याचं करतात ते सामान्य. स्वतःच्या फायद्यासाठी दुसऱ्याचं बुडवतात ते माणसांतले राक्षस. आणि चौथे, जे काहीही फायदा नसताना दुसऱ्याचं भलं बुडवतात, ते कोण? ‘ते के न जानीमहे’ म्हणतो भर्तृहरी. त्यांना काय म्हणावं आम्हाला ठाऊक नाही! राक्षस हा शब्द वापरून झालेला, त्याच्याखालचा शब्द शिल्लक नाही. वामन पंडितांनी सतराव्या शतकात भर्तृहरीची शतकं मराठीत आणली, वाळू रगडून तेल काढणारी ती प्रसिद्ध ओळ त्यातलीच. नाव सापडत नाही ही अडचण, म्हणजे, सबटायटल लिहिणारीचीच नाही. जुनी आहे.

आता स्वयंपाकघर. यातले कित्येक वाक्प्रचार तिथलेच आहेत आणि एकेकाला धरून बघितलं तर ते दिसतात त्याहून हुशार निघतात.

विरजणाचंच घ्या. विरजण लागणं वाईट आहे का? मुळीच नाही. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. ताज्या दुधाचा सामू (पीएच) असतो ६.६ ते ६.७ च्या आसपास. आम्ल वाढत वाढत तो ४.६ कडे उतरला की दुधातलं केसिन नावाचं प्रथिन एकमेकांना धरून बसतं आणि दही लागतं. हे नासणं नाही, दूध दुसरं काहीतरी होतं, तेही चांगलं. उद्याची कढी, परवाचं लोणी. बिघडलं ते एवढंच, की आज खीर करायची होती. विरजण घालणाऱ्याचा गुन्हा पदार्थ चुकवण्याचा नाही, वेळ चुकवण्याचा आहे. आणि दह्याचं पुन्हा दूध होत नाही, हेही त्या वाक्प्रचारात गुपचूप बसलं आहे.

मिठाच्या खड्याचा हिशेब वेगळा. दुधात मीठ पडलं तर दूध फाटेलच असं नाही, पण चव गेली ती गेली. सहा लिटरला एक मोठा खडा पुरतो आणि तो काढताही येत नाही, विरघळून गेलेला असतो. उलट मिठाच्या बरणीत दुधाचा थेंब टाकून मीठ गोड होत नाही. मानसशास्त्रात याच असमतोलावर पॉल रोझिन आणि एडवर्ड रॉयझमन यांनी २००१ मध्ये एक निबंध लिहिला. वाईट गोष्ट चांगलीपेक्षा जास्त वजनाची ठरते, आणि चांगल्यात थोडं वाईट मिसळलं की बेरीज वाईटाकडे झुकते, हे त्यात मांडलं आहे. रशियन लोक मधाच्या पिंपात डांबराचा एक चमचा म्हणतात. आमच्या गच्चीवर वीस माणसं खूश होती आणि एक माणूस चिंतेत होता. दहा मिनिटांनी एकवीस चिंतेत होती.

बिब्ब्याबद्दल विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जंगलातलं फळ, त्याच्या टरफलातला काळा चीक अंगाला लागला तर फोड येतात. धोबी कपड्यांवर खुणा करायला तो वापरत, धुतला तरी जात नाही म्हणून. चांगल्या चाललेल्या कामात कोणी बिब्बा घातला म्हणजे काय, ते त्या फोडावरून कळावं. पण याच बिब्ब्याच्या आतली बी म्हणजे गोडंबी. बाळंतिणीच्या लाडवात घालतात ती, आणि महागामोलाची. टरफल आधी लागलं की फोड, बी हाती आली की लाडू.

आणि एक खास आमचा नागपुरी माल: ‘मजा किरकिरा झाला’. पुण्यात हे बोललात तर हसतील. मराठीत किरकिर म्हणजे दात येणाऱ्या बाळाची रडरड. हिंदीत किरकिरा म्हणजे दाताखाली वाळू येणारा. वरण-भाताच्या पहिल्याच घासाला कचकन खडा लागावा तसं. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी दोन्ही बोलणाऱ्या मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १९६० ला महाराष्ट्रात आलं. राज्यं बदलली, जीभ दोन्हीकडची राहिली. त्यामुळे आमच्या ‘किरकिरा’त वाळूही आहे आणि बाळही आहे. एखाद्यानं मजा किरकिरी केली म्हटलं की त्यानं खडाही टाकला आणि वर रडलाही, असा दुहेरी अर्थ नागपूरकराला फुकटात मिळतो.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न उरतोच. मामाजी चुकले का? स्टार्च तर निघाला होता.

इथे मदतीला नवव्या शतकातला एक काश्मिरी पंडित येतो, आनंदवर्धन. ‘रसभंग’ हा शब्द आपण पंखा बंद पडला तरी वापरतो, पण तो मुळात काव्यशास्त्रातला. रस म्हणजे नाटक पाहताना, कविता ऐकताना मन ज्यात बुडतं ती चव. हा रस मोडतो कशानं? ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात आनंदवर्धन एका ओळीत निकाल देतो: ‘अनौचित्यादृते नान्यद्रसभङ्गस्य कारणम्’. अनौचित्याशिवाय रसभंगाला दुसरं कारण नाही. अनौचित्य म्हणजे खोटेपणा नव्हे, वाईटपणाही नव्हे. जी गोष्ट जिथे शोभत नाही तिथे ती येणं. तीच गोष्ट दुसरीकडे शोभली असती.

याचं उदाहरण आमच्याकडे दोन तासांच्या अंतरावर मिळतं. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं होतात, धानाच्या हंगामानंतर, गावाबाहेरच्या मांडवात, रात्रभर. तिथे आवडत्या नटीच्या प्रवेशाला शिट्टी पडली नाही तर नाटक पडलं असं समजावं. तीच शिट्टी नागपुरात देशपांडे सभागृहात एखाद्या गंभीर नाटकाच्या मधोमध मारून बघा. शिट्टी तीच, तोंडही तेच असेल. तिकडे रस चढतो, इकडे मोडतो.

आनंदवर्धनाच्या मागोमाग, दहाव्या-अकराव्या शतकात, अभिनवगुप्त आला, तोही काश्मीरचा. त्यानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजली. सातही सांगत बसत नाही, पण एक या विषयाच्या अगदी वर्मावर आहे: निजसुखादिविवशीभाव. शब्द जड आहे, अर्थ रोजचा. स्वतःच्या सुखदुःखात माणूस इतका गुंतलेला की समोरच्या खेळात त्याला शिरताच येत नाही. नाटक चाललंय आणि डोक्यात घराचा हप्ता. अभिनवगुप्त बोलतो प्रेक्षकाच्या स्वतःच्या रसाबद्दल. मी ते जरा ताणून गच्चीवर आणते. मामाजी गच्चीवर आले तेव्हा कोजागिरीत आलेच नव्हते. ते प्रयोगशाळेत होते. वर चंद्र होता, त्यांना नमुना दिसत होता. अशा माणसाला राग येईल असं बोलून काही होत नाही, कारण आपण कुठे बसलो आहोत हेच त्याला दिसत नसतं. जपानी लोक अशांना ‘हवा वाचता न येणारा’ म्हणतात. मला तो सगळ्यात अचूक शब्द वाटतो, आणि सबटायटलमध्ये तोही बसत नाही.

एक कोडं मला फार दिवस होतं. खेळात चोरी करणाऱ्याला आपण लवकर माफ करतो, पण खेळ मोडणाऱ्याला करत नाही. असं का? डच इतिहासकार योहान हाउझिंगा यानं १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या पुस्तकात याची फोड केली आहे. तो म्हणतो, लबाडी करणारा खेळाडू निदान खेळ मानतो. नियम आहेत म्हणून तर तो चोरून मोडतो. खेळ मोडणारा मात्र खेळाचं जगच नाकारतो. सगळ्यांनी मिळून मांडलेला एक भास असतो, तो त्याच्या एका वाक्यानं उघडा पडतो. भ्रमासाठीचा ‘इल्यूजन’ हा शब्दसुद्धा लॅटिनमधल्या ‘खेळात असणं’ यावरून आला आहे, हेही हाउझिंगा दाखवतो.

रमीच्या फडात आमचे एक भाऊजी मांडीखाली पत्ता दाबतात. गेली वीस वर्षं दाबतात. सगळ्यांना माहीत आहे, पकडलं की आरडाओरडा होतो, ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवतात आणि पुढच्या डावाला पुन्हा वाटतात त्यांनाही तेरा पत्ते. पण एका दिवाळीत फडाजवळ उभ्या उभ्या कोणीतरी एवढंच म्हणालं, “पन्नाशी आली, अजून पत्तेच कुटून राह्यले?” पत्ते तेच, भिडू तेच, पण हातातली राणी एकदम छापील कागद झाली. त्या गृहस्थांना त्यानंतर कोणी पत्त्याला बोलावलं नाही.

पण हाउझिंगाचंच पुढे एक निरीक्षण आहे, ते मला जास्त आवडतं. खऱ्या आयुष्यात असे खेळ मोडणारे पुष्कळदा बाहेर पडून स्वतःचा नवा खेळ मांडतात, नवे नियम करतात. बंडखोर, पाखंडी, संदेष्टे यांच्यात या जातीची माणसं सापडतात. म्हणजे ज्याला आज आपण रंगाचा बेरंग करणारा म्हणतो आहोत, त्याला तो रंग कशाचा आहे हे दिसलेलं असू शकतं.

लग्नाच्या बैठकीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आंदणाची यादी चालली होती. आंदण म्हणजे मुलीला द्यायच्या वस्तू, तसा गोड शब्द आहे. फ्रिज झाला, कपाट झालं, गाडीवर हसतखेळत घासाघीस सुरू झाली. माझी आतेबहीण म्हणाली, “१९६१ चा कायदा आहे ना जी, हुंड्याचा?” खोलीत शांतता. कोणीतरी चहाचं विचारलं. आणि नंतर महिनाभर नातेवाइकांत एकच बोललं गेलं, किती छान चाललं होतं, हिनं माती केली. नीट बघा, इथे ‘पडलं’, ‘झालं’ कोणी वापरलं नाही. कर्ता चटकन सापडला. सासऱ्यांनी घातलेलं विरजण आपोआप पडतं, पोरीनं घातलेलं मात्र तिनंच घातलेलं असतं.

सारा अहमद या अभ्यासक बाईंनी २०१० च्या आपल्या आनंदावरच्या पुस्तकात नेमकं हेच धरलं. घरचं जेवण चाललंय, कोणी काही लागेल असं बोलतं, एक मुलगी ‘हे बरोबर नाही’ म्हणते, आणि ताण तिच्यामुळे आला असं ठरतं. ताण आधीपासून टेबलावर होता, तिनं फक्त त्याचं नाव घेतलं. म्हणून अहमद स्वतःला अभिमानानं स्त्रीवादी किलजॉय म्हणवून घेतात. मराठीत कोणी स्वतःला अभिमानानं काय म्हणवून घेईल? ‘मी विरजण आहे’? मला वाक्य वाईट वाटत नाही.

सगळेच काही बंडखोर नसतात, हेही खरं. सकाळी टपरीवर तर्री-पोह्याची प्लेट हातात आली, वर लालभडक तेल तरंगतंय, कच्चा कांदा, शेव, आणि शेजारचा म्हणतो, “तेल पाहून राह्यला ना?” त्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे, पोहेवाल्याला तर आहेच. या वाक्यानं नवी माहिती शून्य मिळते. याउलट सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेणाऱ्या मित्राला “तोंड उघडत नाही आता तुझं पूर्ण, दाखवून घे” म्हणणारा तिथे वेळ न बघता बोलतो तेच बरं करतो. मी माझ्यापुरतं एवढंच बघते: तो जे सांगतो आहे ते ऐकून आत्ता काही करता येणार आहे का? पोह्यांचं काही होणार नसतं.

नागपूरनं एक दिवस मात्र नाव घेण्यासाठी राखून ठेवला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला निघतात त्याच दिवशी, जुन्या शहरातून काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. शंभरावर वर्षांची रीत आहे. ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या, आणि पाठोपाठ बडगे. हे बडगे म्हणजे त्या वर्षी ज्यांनी लोकांचा जीव खाल्ला त्यांचे पुतळे, खाली मजकुरासकट. महागाई, भ्रष्टाचार, कोणी पुढारी. तिथे ‘पडलं’ नाही, ‘झालं’ नाही. घरात वर्षभर जे कर्त्याशिवाय बोललं ते इथे इतवारीच्या गल्लीत कर्त्यासकट ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. घरचे मामाजी त्यात नसतात, हे सांगायला नकोच.

त्या मालिकेत मी शेवटी ‘तू ना, नुसती किरकिर!’ लिहिलं. वेळेत बसलं. नागपूरकरांना वाळू लागेल, बाकीच्यांना बाळ ऐकू येईल.

यंदाच्या कोजागिरीला मामाजींनी दूध दुपारीच तपासलं, कच्चं असताना, खाली स्वयंपाकघरात. रंग निळा झाला नाही. नवीन दूधवाल्याचं दूध होतं. मागच्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद केलं होतं, त्याचं काही एक न ऐकता. संध्याकाळी मी आणि जाऊबाई दूध आटवत उभ्या होतो. दूध काही लवकर दाट होईना. जाऊबाईंनी वरच्या फळीवरून कस्टर्ड पावडरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि तशाच थांबल्या.

“मागच्या वर्षी दोन मोठे चमचे टाकली होती मी,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “याच्यात मक्याचं पीठच असते ना?”

मी डबा त्यांच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवला. वर गच्चीवर ‘ठ’ आला होता.